कपड्यांचं वय काढणाऱ्या सुधाबाई

सुधा मर्दे यांनी तलासरीच्या तहसील कचेरीत सगळी नोकरी एकाच टेबलावर काढली, आणि त्या टेबलावर त्यांना एकच काम जमलं: माणसांची वयं काढणं. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी पाड्यापाड्यांवरून माणसं यायची. जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. एकदा चैत्या नावाचे एक आजोबा आले. केस कापसासारखे पांढरे, आणि हात धरून आलेला मुलगाच पन्नाशीला टेकलेला.

"वय किती, चैत्यादादा?"

"असंल वीस-पंचवीस."

"दापचरीच्या डेअरीत सरकारी म्हशी आल्या, तेव्हा तू केवढा होतास?"

"तेव्हा? मीच तर पाणी पाजायचो त्यांना."

"लग्न झालेलं?"

"दोन पोरं होती की."

सुधाबाई डोळे बारीक करायच्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवायच्या आणि वय सांगायच्या. ते सहसा चुकायचं नाही. पण एक होतं. कुणी कितीही गयावया केली तरी त्या एक वर्ष इकडचं तिकडे करायच्या नाहीत. सवय घरापर्यंत आली होती. नणंदेला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मुलगी चोविशीची." सुधाबाई पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "सत्तावीस." लग्न तरीही झालं, पण नणंद पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या हातचे पोहे खात नव्हती.

रिटायर होऊन त्या डहाणूला मसोलीच्या घरी बसल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांना, सदानंदरावांना धास्ती वाटू लागली. सदानंदराव शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. स्वभावाने लाजाळू. बायको आता दिवसभर कुणाची वयं काढणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सुरुवातीला सुधाबाईंनी अंगणातल्या चिकूचं वय काढलं, मग शेजारच्यांच्या कुत्र्याचं, मग शेजारणीचं. शेजारीण बोलेनाशी झाली, तेव्हा सदानंदराव म्हणाले, "अगं, ज्याला राग येत नाही असं काहीतरी बघ."

ते सापडलं सुनेमुळे.

सून सोनल उंबरगावची. माहेरची गुजराती, पण मराठी झकास बोलायची, फक्त घाईत असली की "जुओ ने मम्मी" म्हणून सुरू व्हायची. नवरा अनिकेत रेल्वेत. तो ड्युटीवर गेला की सोनल फोनवरून जुने कपडे विकायची. पारशी भरतकामाच्या गारा साड्यांच्या किनारी, जाळीचे फ्रॉक, जॉर्जेटच्या साड्या. सुधाबाईंना आधी हे चिंध्यांचं दुकान वाटलं होतं.

"जुनं म्हणजे फेकायचं नाही, मम्मी," सोनल म्हणाली होती. "जुनं म्हणजे महाग."

झाईला एका चिकूच्या वाडीतला पारशी बंगला विकायला निघाला होता. वारस परदेशात, त्यांना सामान नको होतं. सोनलने तिथून टेंपोत घालून चार पत्र्याच्या पेट्या आणल्या. तीन पेट्या दिवाणखान्यात उघडल्या. चौथी कुणाला न दाखवता आपल्या पलंगाखाली सरकवली. दोन-तीन दिवसांनी सुधाबाईंचा झाडू त्या पेटीला अडला.

"यात काय आहे गं?"

"काही नाही मम्मी. रुमाल आहेत."

"एवढी मोठी पेटी भरून? बंगल्यात सगळ्यांना सर्दी होती का?"

सोनलचा चेहरा लाल झाला. मग तिने सांगून टाकलं की त्यात बायकांचे आतले कपडे आहेत, पोहायचे आहेत, आणि ते बघून मम्मींना वाईट वाटेल म्हणून लपवले.

"वाईट कशाला वाटेल? ते घालणाऱ्या बायकांना वाटलं नाही, तर मला कशाला?" सुधाबाईंनी पेटी ओढून बाहेर काढली.

झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. वरच पीच रंगाची सॅटिनची एक चड्डी होती. सदानंदराव खुर्चीतून उठले, खुंटीवरची छत्री घेतली आणि "जरा स्टेशनकडे जाऊन येतो" म्हणत बाहेर पडले. डिसेंबर महिना होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

सोनलची खरी अडचण वेगळीच होती. पुण्याच्या एक बाई असले कपडे जमवायच्या, पण प्रत्येक वेळी विचारायच्या, कोणत्या काळातलं? सोनल लिहायची, "खूप जुनं." त्या उलट लिहायच्या, "खूप जुना तर माझा नवराही आहे. साल सांगा."

हे ऐकून सुधाबाईंनी पदर खोचला. "अगं, मग हे तर माझंच काम."

दोघी जमिनीवर चटई टाकून बसल्या. सुधाबाईंच्या हातात भिंग, सोनलच्या हातात फोन. सॅटिनच्या चड्डीला इलॅस्टिक नव्हतंच, कमरेला एका बाजूला दोन शिंपल्यांची बटणं होती.

"इलॅस्टिक का नाही? गरीब होते का?"

"गरीब नव्हते, मम्मी." सोनलने फोनमध्ये शोधलं. "दुसऱ्या महायुद्धात सगळं रबर टायरला जायचं. इलॅस्टिक मिळायचं नाही. त्याच्या आधीही बटणं लावायचे."

"म्हणजे युद्धातलं नाहीतर त्याच्याही आधीचं. आणि ही जाळी बघ, हाताने विणलेली. मशीनची नाही. गाठी उलट्या बाजूला दिसतायत." सुधाबाईंना चव लागली होती.

मग एक ब्रा निघाली. तिच्यावर गोल गोल शिवण घालून पुढे इतकं टोक काढलं होतं, की सुधाबाईंनी ती उन्हात धरून बघितली. "हे कुणाला भोसकायला?" सोनल हसून आडवी झाली. ती फॅशन पन्नास-साठच्या दशकातली, हे फोननेच सांगितलं. त्यानंतर निघाला लोकरीचा पोहायचा पोशाख, गडद निळा, कसरीने जागोजाग खाल्लेला.

"स्वेटर घालून समुद्रात उतरायचे?"

"हो मम्मी, तेव्हा असंच. नायलॉन नव्हतं ना. ओला झाला की गुडघ्यापर्यंत लोंबायचा म्हणे."

"मग पोहायचे कसे?"

"पोहण्यापेक्षा वर ओढण्यातच वेळ जात असेल."

सुधाबाई एकदा सपशेल चुकल्याही. एका काळ्या कॉस्च्युमचं इलॅस्टिक हातात घेताच पापडासारखं कडकड तुटलं. त्यांनी ठणकावून सांगितलं, "हे सगळ्यांत जुनं. स्वातंत्र्याच्या आधीचं." सोनलने ते पुणेवाल्या बाईंना कळवलंही. मग आतला टॅग उलटून बघते तर त्यावर पाण्याच्या टबचं आणि इस्त्रीचं चित्र. धुवायचं कसं, हे दाखवणारी चित्रं कपड्यांवर खूप नंतर आली. कॉस्च्युम फार तर ऐंशीच्या दशकातला होता. पुण्याला माफी मागावी लागली.

"अगं, पण रबर किती म्हातारं झालंय बघ!"

"मम्मी, आपल्या खाऱ्या हवेत पंखासुद्धा चार वर्षांत म्हातारा होतो."

सुधाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. पुढे त्या नेहमी म्हणत, कापड खोटं बोलत नाही, इलॅस्टिक बोलतं. चेन धातूची की नायलॉनची, शिवण सरळ की ओव्हरलॉकची, दुकानाच्या पट्टीवर पत्ता नुसता 'मुंबई २' असा की पुढे सहा आकडी पिनकोड, असं सगळं बघितल्याशिवाय त्या मग तोंड उघडत नव्हत्या. पिनकोड बहात्तरला आले, हे त्यांना कचेरीच्या दिवसांपासून पाठ होतं. आणि सदानंदराव रोज छत्री घेऊन स्टेशनला जायचे. तिथला चहावाला त्यांना विचारू लागला होता, काका, कुणी यायचं आहे का?

पेटीच्या तळाला दोन सारख्या कापाचे पोहायचे पोशाख होते. एक आकाशी रंगाचा, मुंबईच्या दुकानातला, अजून पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यावर किंमत रुपयांत आणि 'न. पै.' म्हणजे नव्या पैशांत.

"नवे पैसे सत्तावन्नला आले," सुधाबाई म्हणाल्या, "आणि चौसष्टला त्यांतलं 'नवे' गेलं. झालं, सापडला."

दुसरा पोशाख मात्र अजब होता. तोच काप, पण कापड जाड, त्यावर मोठमोठी लाल फुलं, पाठीला ब्लाउजचे हूक. दुकानाची पट्टी नाही, काही नाही. सोनलला वाटलं कुणीतरी गंमत म्हणून शिवला असेल. सुधाबाईंनी दोन्ही धुतले आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातले.

त्याच सकाळी हिरी आली.

हिरी आगर गावची. डोक्यावर पाटी घेऊन सुके बोंबील, जवळा विकत घरोघर फिरायची. वय विचारलं की म्हणायची, "नव्वद." मतदार कार्डावर तसंच होतं, कारण कार्ड करणाऱ्याला तिनेच तसं सांगितलं होतं. नव्वदीच्या मानाने ती फाटक उघडून ज्या चालीने आत यायची, ते बघून सुधाबाईंच्या मनात पाल चुकचुकायची. पण हिरीमावशी त्यांच्या आईच्या ओळखीतली, म्हणून त्या विषयाला त्यांनी कधी हात घातला नव्हता.

हिरीने दोरीकडे बघितलं आणि पाटी धपकन खाली ठेवली.

"गो बाय! हा माझा!"

"काय तुझा, मावशी?"

"तो फुलांचा. माझा आहे तो. पडद्याचा."

आत नेऊन तिला पाणी दिलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. ती मूळची झाईची. बाप त्या पारशी वाडीत चिकू उतरवायला होता. मालकांची मुलगी पेरीन सुट्टीत हॉस्टेलातून यायची आणि समुद्राला भ्यायची. हिरी लुगड्याचा काष्टा मारून माशासारखी पोहायची. म्हणून मालकीण बानूबाईंनी पेरीनला पोहायला शिकवायचं काम हिरीला दिलं. पण पेरीन हट्टी. म्हणाली, हिरीनेही माझ्यासारखाच ड्रेस घातला तरच मी पाण्यात येणार.

"मग?" सोनल पुढे सरकून बसली.

"मग बानूबाईने जेवायच्या खोलीतला पडदा काढला, शिंप्याला बोलावलं, आणि हा शिवून दिला. बानूबाईचा नवरा ती अख्खी सुट्टी तोंडावर ऊन घेऊन जेवला." हिरीने पोशाख हातात घेतला, फुलांवरून बोट फिरवलं. "शिकवली मी तिला. पहिल्या दिवशी माझे केस धरून लटकली, असे उपटले! सुट्टी संपली तेव्हा माझ्या पुढे जायला बघायची."

सगळ्यांना खूप छान वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण सुधाबाईंनी विचारलंच, "कुठलं साल गं, मावशी?"

"ते कुठलं मना माहीत? गोऱ्यांचं राज्य होतं."

"शक्य नाही. जोडीचा खोका नव्या पैशांतला आहे. गोरे केव्हाच गेले होते."

"होते गो! दमणला तोफा वाजल्या, गोरे पळाले, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात शिवला हा."

"अगं, ते पोर्तुगीज!"

"मग ते काय काळे होते?"

सोनलने तोंडात पदर कोंबला. सुधाबाईंचे डोळे मात्र बारीक झाले होते. दमण एकसष्टच्या डिसेंबरात सुटलं. म्हणजे हा उन्हाळा बासष्टचा.

"आणि तेव्हा तू केवढी होतीस?"

"मी? तीन पोरांची आई होते."

सुधाबाईंनी पोशाख हळूच तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला. दोन्ही बाजूंच्या शिवणीत, खांद्यांत, शिंप्याने तीन-तीन बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून सोडतात ती माया.

"मावशी, तीन पोरांच्या आईच्या कपड्यात शिंपी एवढी माया सोडत नाही. ही वाढत्या पोरीची माया आहे. तेरा-चौदा वर्षांची होतीस तू. म्हणजे आज नव्वद नाहीस. पंच्याहत्तर-शहात्तर."

हिरी ताडकन उठली. पोशाख बगलेत मारला आणि बोंबलांची पाटी तिथेच टाकून चालती झाली.

त्यात काय एवढं, असं सोनलला वाटलं. सुधाबाईंना मात्र कळलं होतं. आगरला नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडायचा मानाचा नारळ गावातल्या सगळ्यांत वयस्क बाईच्या हातून जातो. कितीतरी वर्षं तो हिरीच्या हातून जात होता.

हिरी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती आगरभर ओरडत फिरली, "मर्द्यांची सुधा मना शेंबडी पोर म्हणते!" का म्हणते, असं लोकांनी विचारलं. तिने तेही सांगितलं. लोकांनी बोटं मोजली. आणि एका दुपारी सुधाबाईंच्या दारात रिक्षा थांबली. तिच्यातून काठी टेकत धाकली उतरली. चार बहिणींत शेवटची, म्हणून धाकली. माहेर तिचंही झाईचं, आणि दिलेली आगरलाच.

"सांग बाय," ती ओट्यावर बसत म्हणाली, "मी मोठी का ती?"

मागोमाग दुसऱ्या रिक्षाने हिरीही आली.

सदानंदरावांनी बायकोला आत बोलावलं. "इथे कुठे कुणाला पेन्शन मंजूर करायची आहे? एक नारळ तर आहे. दे सोडून."

सुधाबाईंना ते पटलंही. कचेरीतला माणूस निकाल घेऊन निघून जायचा, त्याचा चेहरा पुन्हा दिसायचा नाही. हिरी दर आठवड्याला दारात येणार होती. पण त्या बाहेर आल्या तेव्हा दोघी एव्हाना भांडायला लागल्या होत्या.

"तुझा तो पडद्याचा शिवला, तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेले!" धाकली म्हणत होती. "माझा एकनाथ कडेवर होता. तू पाण्यात उड्या मारायचीस आणि तुझा बाप बघायला आला की मी वरून शीळ घालायची. आठवतं का?"

"शीळ तुला कधी आली गो? फुरफुर करायचीस!"

म्हणजे आठवत होतं. हिरीच्याही ते लक्षात आलं आणि ती एकदम थांबली.

"सांग सुधा," ती हळू आवाजात म्हणाली.

"धाकलीमावशी मोठी आहे," सुधाबाई म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांनी."

हिरीचा चेहरा इतका उतरला, की उभ्या जन्मात पहिल्यांदाच आपण काढलेलं वय परत घ्यावं असं सुधाबाईंना वाटलं. सोनल चहा घेऊन आली, तोही कुणी उचलेना.

शेवटी हिरीने विचारलं, "मग मी म्हातारी नाय?"

"आहेस. पण तू समजतेस एवढी नाही. चौदा वर्षं जास्तीची लावून घेतलीस तू."

"चौदा!" हिरी विचारात पडली. "म्हणजे सुना मना पाण्यात जाऊ देत नाय, ऐंशी झाली, आता बुडशील, बुडशील करतात... तेव्हा मी ऐंशीची नव्हतेच?"

"नव्हतीस."

"आणि मी ऐकलं त्यांचं!" तिने कपाळावर हात मारला. मग चहाचा कप उचलून बशीत ओतला आणि धाकलीला म्हणाली, "जा, घे तुझा नारळ. मोठी ती मोठीच."

नारळी पौर्णिमेला मर्द्यांचं घर आगरला गेलं होतं. धाकलीचे गुडघे धरलेले, उतार उतरवेना. चार जणांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पाण्याकाठी नेलं, आणि एका हाताने नारळ, दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा धरून ती वाटभर ओरडत होती, "हळू रे मेल्यांनो, यापेक्षा धाकलीच बरी होते मी!" हिरी काठावर उभी राहून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्या अंगणात बोंबील वाळवायच्या वलांडीवर, बांबूवर, लाल फुलांचा तो पोशाख टांगलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हात धरून दाखवत होती. आकाशी रंगाची त्याची जोडी पुण्याच्या बाईंकडे गेली होती, सालासकट.

दिवाळीनंतर समुद्र निवळला, तशी हिरी पुन्हा फाटकात उभी राहिली.

"सुधा, माझी चौदा वर्षं तू काढलीस. आता माझ्यासंगती पाण्यात यायचं. सुना म्हणतात एकटीने जायचं नाय."

"मी? मला पोहता कुठे येतं?"

हे खरं होतं. जन्म समुद्राकाठी गेला, पण मुलींना शिकवायची पद्धत घरात नव्हती, आणि मग नोकरी लागली. सुधाबाईंनी पुष्कळ सबबी सांगितल्या. शेवटची सबब होती, माझ्याकडे घालायला काही नाही. ती सांगताना सोनल मागेच उभी होती. सोनलने दोघींसाठी दोन पोशाख शिवून घेतले, गुडघ्यापर्यंत पाय आणि कोपरापर्यंत हात असलेले. सुधाबाईंनी आपला उलटा करून शिवणी तपासल्या, मग न्हाणीघरात जाऊन घातला आणि पाऊण तास दार उघडलं नाही.

"मम्मी, बाहेर या ना!"

"शेकडो बघितले गं, पण घालायची वेळ कधी आली नव्हती. ह्यांना छत्री घेऊन जायला सांग."

सदानंदराव छत्री घेऊन गेले नाहीत. त्या सकाळी ते टॉवेल घेऊन आगरच्या किनाऱ्यावर पेपर वाचत बसले. हिरीने सुधाबाईंच्या हनुवटीखाली तळहात धरला आणि म्हणाली, "पाय हलव. कचेरीत बसल्यासारखी बसू नको." सुधाबाईंनी पाय हलवले, बरंचसं खारं पाणी प्यायल्या आणि हिरीचे केस धरून लटकल्या. हिरी बोंबलली, पण सोडून गेली नाही.

होळीच्या सुमारास सुधाबाई नांगरलेल्या होडीपर्यंत पोहून गेल्या. तिथे दोर धरून, धापा टाकत त्यांनी किनाऱ्याकडे हात हलवला. सदानंदरावांनी पेपर खाली ठेवला, उभे राहिले, आजूबाजूला बघितलं आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या. हिरी तोवर होडीच्या बरीच पुढे गेली होती आणि तिथून सुधाबाईंना हाका मारत होती.